छताचं अस्तर

आधीच सांगून ठेवते, हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. पटत नसेल तर वाचणं सोडा, पण "भास झाला असेल हो" म्हणत मला समजवायला येऊ नका. तसलं बोलणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

लख्ख दुपार होती. बोटी जमिनीवर ओढून दुरुस्त करतात, ते आवार. पायाखाली खडी, हवेत रंगाचा वास आणि सावलीत बसून जेवणारे कामगार. भुताखेताचं नाव काढलं असतं तर लोक हसले असते.

मी बोटींच्या गाद्या शिवते. गाद्या, पडदे, छताचं अस्तर. माणसं बसून बसून कापड कसं झिजतं, ते मला लांबून कळतं. एवढं लक्षात असू द्या.

दादाची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली. मी शाळेत होते तेव्हा तो कामावरून अपरात्री घरी यायचा आणि आमच्या मधल्या भिंतीवर ठोकायचा. तीन ठोके... थांबून एक. म्हणजे, मी सुखरूप आलो. मी उलट ठोकायचे आणि मगच झोपायचे. ते ठोके आले नाहीत तर मला झोप लागायची नाही. आईला हे कधी कळलंच नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने जाहीर केलं, आता घर बंद. बोटीवर राहायचं.

वहिनी आधी हसली, मग रडली, मग तयार झाली. दादाने एकदा मनात घेतलं की संपलं.

त्याला हवी होती कॅटमरान. म्हणजे शेजारीशेजारी दोन लांबट होड्या, आणि त्यांच्यावर आडवी बसवलेली बैठकीची खोली. होड्यांना बोटवाले हल म्हणतात, मी पोट म्हणते. त्या पोटांमध्ये झोपायच्या खोल्या. बोट ऐसपैस असते, फार डोलत नाही. वाईट एकच... उलटली की आपणहून पुन्हा सुलटी होत नाही. छत खाली जातं, आणि आतली माणसं त्या छतावरच बसून राहतात, कुणी येईल म्हणून. त्यासाठीच पोटाच्या कडेला एक छोटी खिडकी असते, सुटकेची.

आम्ही कितीतरी बोटी पाहिल्या. एकीच्या संडासात दादाचे गुडघे दाराला टेकले. "बसल्या बसल्या दार उघडलं तर गावाला दर्शन," तो म्हणाला. दुसरीचं स्वयंपाकघर खाली पोटात होतं. वहिनी म्हणाली, "जन्मभर बिळात बसून फोडण्या देऊ का मी?" तिसरीत डिझेलचा इतका वास, की मी नाक दाबूनच बाहेर आले.

मग ही सापडली.

स्वयंपाकघर वर, खिडक्यांतून चारी बाजू दिसणारं. दादा ताठ उभा राहिला तरी डोकं आपटेना. वहिनीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. खोटं कशाला बोलू, मलाही आवडली.

फक्त तो दलाल आवडला नाही. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. "ताई, नवीकोरीच समजा! गाद्या नव्या, पडदे नवे." सारखं तेच. एवढं सगळं नवं का केलं, ते मात्र सांगेना.

बोट तपासायला दादाने सर्व्हेअर आणला होता. त्याच्याकडे छोटी हातोडी. बाहेरून पोटावर ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी मुरलंय. तो दादाला म्हणाला, "तुम्ही डाव्या पोटात बसा. मी ठोकलं की आतून तिथेच ठोका, म्हणजे जागा जुळेल."

दादा खूश. जन्मभर तेच केलेलं ना! ढिगाऱ्याखालून कुणी ठोकलं तर ठोकून उत्तर द्यायचं. आणि एकदा उत्तर दिलं की त्या माणसाला बाहेर काढेपर्यंत जागा सोडायची नाही. या नियमापायी त्याने स्वतःचा खांदा निखळवून घेतला होता, पण हलला नव्हता.

मी वर गाद्या बघत होते. वहिनी स्वयंपाकघरातले खण उघडून पाहत होती.

खालून आवाज येत होता. बाहेरून टक... आतून ठक. टक... ठक.

बराच वेळ चाललं होतं. मी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं.

सर्व्हेअर लांब शेडखाली चहा पीत बसला होता. हातोडी त्याच्या पायाशी पडली होती.

आणि खालून...

टक... ठक.

"वहिनी," मी म्हटलं, "खाली अजून कोण आहे गं?"

"कोण असणार? हे एकटेच आहेत."

मी जिना उतरले. दादा गुडघ्यांवर बसला होता, त्या सुटकेच्या खिडकीशी. चेहरा असा, की मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. कामावर तो असाच दिसत असेल.

"दादा, अरे सर्व्हेअर बाहेर बसलाय."

"गप्प, सुई. ऐक." मला तो लहानपणापासून सुई म्हणतो. मी टोचून बोलते म्हणून.

मी ऐकलं.

टक टक... टक.

बाहेरून नव्हतं ते.

वरून होतं. छतातून. आतल्या बाजूने.

मी मान वर केली. त्या पोटात गाद्या नव्या होत्या, पडदे नवे होते. छताचं अस्तर बदलायचं मात्र राहून गेलं होतं. आणि ते अस्तर... बसून बसून झिजलं होतं. जुन्या सोफ्याची जागा दबते ना, तसे खळगे. दोन मोठे. त्यांच्या मधोमध एक लहान. तिथून बोटं ओढल्याच्या रेघा, थेट त्या खिडकीपर्यंत.

छतावर कुणी बसतं का हो?

"लहान मूल आहे गं त्यांच्यात," दादा हळूच म्हणाला. "त्याचा ठोका हलका येतो. थांबा हं, उघडतो..." आणि त्याने खिडकीच्या कडीला हात घातला.

मी त्याची कॉलर धरून मागे ओढलं. हात ओला झाला.

शर्ट छातीपर्यंत भिजला होता. मी बोटं ओठांना लावली. खारट. बोट जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर उभी... आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत.

मी त्याला कसं वर आणलं ते माझं मलाच ठाऊक. तो मला ढकलत होता, शिव्या देत होता. उभ्या जन्मात त्याने मला कधी शिवी दिली नव्हती.

बाहेर येऊन मी गोडबोल्याला धरलं. "ही बोट उलटली होती ना? माणसं होती ना आत?"

त्याचं हसू पुसल्यासारखं गेलं. "तुम्ही गाद्या शिवता ना? तेवढंच करा. घ्यायची नसेल तर चालू पडा."

सर्व्हेअर माझ्याकडे बघेना. "पोट टणक आहे," एवढंच पुटपुटला आणि गाडीत बसला.

घराशी उतरताना दादा म्हणाला, "मी उत्तर दिलं होतं, सुई. तू मला त्यांना टाकून यायला लावलंस."

पुढे त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. आणि आमच्या नकळत तीच बोट घेतली.

मी आकाशपाताळ एक केलं. वहिनी म्हणाली, "आता काय करू? घर तर विकलं गेलं. तू निदान ते छत तरी बदलून दे गं. मला तिकडे बघवत नाही." मी नवं अस्तर शिवलं, जाड, दुहेरी शिलाईचं. कामगाराकरवी बसवून घेतलं. स्वतः पाऊल टाकलं नाही.

बोट पाण्यात गेली, धक्क्याला बांधली. वहिनीचे फोन यायचे. हे सारखे डाव्या पोटात बसतात. जेवायला वर येत नाहीत. ठोकतात, थांबतात, पुन्हा ठोकतात. "मला म्हणाले, आता थोडंच राहिलंय."

मग एका दुपारी ती बाजारातून परत आली, तर जिन्यापाशी त्याच्या चपला. खाली कुणी नाही. सुटकेची खिडकी आतून कडी लावून बंद.

त्याच्याच दलातल्या पोरांनी पाण्यात बुड्या मारल्या. धक्क्याखालचा गाळसुद्धा उपसला. काही मिळालं नाही. पाय घसरून पडले असतील, असं सगळे म्हणाले आणि घरी गेले. वहिनी तिच्या बहिणीकडे राहायला गेली. पुन्हा बोटीवर जायचं नाव काढत नाही.

त्याचे कपडे आणायला शेवटी मलाच जावं लागलं. माझा भाऊ आहे तो, दुसरं कोण जाणार?

पुन्हा दुपारच होती. शेजारच्या बोटीवर कुणीतरी रेडिओ लावला होता. मी कपडे पिशवीत भरले. वर बघायचं नाही, असं घोकत होते.

बघितलंच.

माझ्या हातचं नवंकोरं अस्तर. दोन मोठे खळगे. एक लहान.

आणि त्या लहान खळग्याला लागून... चौथा. उजव्या बाजूला जास्त दबलेला. दादाचा तो खांदा निखळल्यापासून तो उजवीकडे कलूनच बसायचा.

रेडिओ बंद झाला.

तेव्हा छतातून आलं.

ठक ठक ठक...

...ठक.

आमच्या भिंतीवरचे ठोके. जगात दोघांनाच माहीत असलेले.

माझा हात आपोआप वर गेला. लहानपणी जायचा तसाच. मूठ अस्तरापासून वीतभर लांब होती...

मी उत्तर दिलं नाही.

उत्तर दिलं असतं तर तिथून हलता आलं नसतं. मी त्याचीच बहीण आहे, तो नियम माझ्याही अंगात मुरलाय. पिशवी तिथेच टाकून मी पळाले. धक्का संपेपर्यंत मागून ऐकू येत होतं. तीन, थांबून एक. तीन, थांबून एक. चिडत नव्हता, घाई करत नव्हता. मी झोपले नसेन, हे माहीत असल्यासारखा ठोकत होता.

काल गोडबोल्याचा फोन आला. वहिनीने बोट विकायला त्याच्याकडेच दिली आहे. बघायला कुणीतरी येणार आहे, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. "ताई," आवाजात पुन्हा तोच गोडवा, "तेवढं छताचं अस्तर बदलून द्याल का? जरा दबलंय."

मी त्याला नाही नाही ते बोलले आणि फोन आपटला.

पण तो दुसऱ्या कुणाकडून करून घेईल. हे दबलेलं अस्तर फाडून फेकून देतील, मग त्या माणसांना काहीच दिसणार नाही. म्हणून कालपासून मी ठरवतेय, जाऊन त्या माणसांना धक्क्यावरच अडवायचं. त्यासाठी बोटीजवळ जावं लागेल.

आणि मी जवळ आलेय हे कळून त्याने पुन्हा ठोकलं तर... या वेळी हात थांबेल याची मला खात्री नाही.