शनीच्या चंद्रावरचं गाळलेलं पाणी

एन्सेलॅडस हा शनीचा चंद्र इतका छोटा आणि हलका आहे, की तिथे जोरात शिंकलं तर माणूस छताला टेकून परत येतो. तिथल्या माणसांच्या तळावर बावतीसकाका एकदा शिंकले ते स्वयंपाकघरातून थेट दवाखान्यात पोचले. बरंच झालं, सर्दीचं औषध तिथेच होतं. ही थाप वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. पण त्या चंद्राच्या जाड बर्फाखाली खारट समुद्र आहे, ही मात्र थाप नाही.

त्या समुद्रापर्यंत माणसांनी बर्फातून लांबलचक भोक पाडलं होतं. कागदोपत्री त्याला भारदस्त नाव होतं, पण हातकणंगल्याच्या मगदूम आजी त्याला ‘बोअर’ म्हणायच्या, म्हणून सगळा तळच बोअर म्हणू लागला. त्याचंच पाणी, मीठ काढून, सगळे प्यायचे.

आणि एका सकाळी बोअरच्या ताज्या पाण्याच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, काहीतरी हललं.

“आजोबा, जिवंत आहे?” त्रिशलाने विचारलं. दहा वर्षांची त्रिशला आजी-आजोबांबरोबर तळावर राहायची. आजोबा, म्हणजे बाबगोंडा मगदूम, तिथले जीवशास्त्रज्ञ.

“हलतंय, खातंय, एकाचे दोन होतायत. जिवंतच म्हणायचं. पण कुणाचं? इथलं, की आपण आणलेलं?”

दारात उभे असलेले बावतीस डाबरे खाकरले. ते तळाचे प्रमुख, मूळचे वसईचे ख्रिस्ती. “आण्णा, स्पष्टच बोलतो. आजी रोज बोअरमध्ये काहीतरी ओततात.”

ओतायच्या खऱ्या. आजी जैन. त्यांच्या घरी पाणी फडक्यातून गाळून प्यायची रीत. गाळताना फडक्यावर जे जीव उरतील ते ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे. दुसरीकडे टाकले तर बिचारे मरतील. एन्सेलॅडसवर आल्यावरही आजींनी रीत सोडली नाही. मीठ काढण्याआधी पाणी गाळायचं, फडकं उलटं करून थोड्या पाण्याने धुवायचं, ते पाणी बोअरच्या तोंडात सोडायचं. तिथे पाणी पडायचं ते मधासारखं सावकाश, त्यामुळे या कामात अर्धी सकाळ जाई.

“आजी, त्या फडक्याच्या भोकांतून जंतूंची अख्खी वरात बँडबाजासकट निघून जाईल,” बावतीसकाका म्हणाले.

“जाऊ दे की. अडकलंच एखादं, तर?”

“आणि तुमच्या हातावरचे जंतू खाली गेले असले, तर? नियम ठाऊक आहे ना? दुसऱ्या जगात आपले जंतू सोडले की पहिल्या यानाने पृथ्वीवर परत. मी अडवू शकणार नाही.”

पृथ्वीवर जायला सात वर्षं. त्रिशलाने आजीचा पदर घट्ट धरला. “आजोबा, ओळखायचं कसं ते सांगा ना!”

आजोबांनी अंतराळपोशाखाचा डावा हातमोजा तिच्यापुढे टाकला. “घाल उजव्या हातात.”

अंगठा भलतीकडेच गेला.

“मोजे दोन्ही सारखे, पण आरशातल्यासारखे उलट. अमिनो आम्लांचंही (ज्यांच्या साखळीतून प्रथिनं बनतात ते छोटे रेणू) तसंच. काही डावी, काही उजवी. निर्जीव रसायनांत ती साधारण निम्मी-निम्मी तयार होतात. जीव मात्र चोखंदळ. बेडूक, बाभूळ, बुरशी, बावतीस, पृथ्वीवरच्या सगळ्यांची प्रथिनं डाव्या रेणूंची.”

“मग हे उजवे निघाले तर?”

“तर ते आपल्या गोतातले नाहीत. त्यांची सुरुवातच वेगळी.”

“आणि डावे निघाले तर?”

“तर घोळ. इथलेही असतील, आजीचेही असतील. मग आजीवरचा संशय काही पुसता यायचा नाही.”

यंत्राने तपासणी सुरू केली. वाट बघता बघता त्रिशलाने विचारलं, “काका, इथलेच निघाले तर तुमच्या देवाचं काय?”

“देवाचं काय व्हायचंय? सगळं त्याने केलं असं आम्ही मानतो. घरात आणखी एक खोली सापडली म्हणून बांधणारा नाहीसा होतो का? पण माणूस त्याचा सगळ्यात लाडका, असं ऐकत मोठा झालो. आता सरकून बसावं लागेल. जरा जड जाईल, खोटं कशाला सांगू?”

“आणि आजी, तुझं?”

“आमच्यात तर म्हणतातच, पाण्यात जीव असतो.”

“हां, ‘आमच्या पोथीत आधीच होतं’ असं म्हणू नकोस,” आजोबा म्हणाले. “पोथीत जीवाशी कसं वागावं ते आहे. डावा-उजवा रेणू नाही. त्याला यंत्रच लागतं.”

“आणि कसं वागावं, ते तुमचं यंत्र सांगतं का वो?”

आजोबा यंत्राची खुंटी उगाचच पिळत बसले. तेवढ्यात पडद्यावर आकडे उमटले.

“हलणारे सगळे उजवे!” आजोबा ओरडले. बावतीसकाकांनी छातीवर क्रूस काढला. त्रिशलाने उडी मारली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. आजोबांचा आवाज मात्र उतरला. “पण त्यांच्यात थोडे डावेही आहेत. माणसाच्या कातडीवर राहणारे. मेलेत. इथल्या पाण्यात टिकले नाहीत.”

एन्सेलॅडसवर मटकन बसता येत नाही. आजी सावकाश, सावकाश खाली आल्या.

“म्हणजे जीव वाचवायला गेले, नि मीच मारले. आणि ते जगले असते, तर या उजव्यांना खाल्लं असतं?”

“त्यांचं अन्न पळवलं असतं कदाचित. नक्की सांगता येत नाही.”

आजींनी गाळायच्या फडक्याची घडी घालून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “बावतीस, मला पाठव परत. चूक ती चूक. पण तुमचा पंप रोज त्यांना उपसतोय, आपण त्यांना पितोय, त्याचं काय? आधी बोअर बंद कर.”

“मग प्यायचं काय?”

“वापरलेलंच पाणी शुद्ध करून,” त्रिशला म्हणाली. “येताना यानात तेच प्यायचो की.”

“सगळंच वापरलेलं?”

“सगळंच.”

बावतीसकाकांनी तोंड वाकडं केलं, पण पंप बंद केला. मग पृथ्वीला निरोप धाडला: “जंतू आजींच्या फडक्याने गेले तसे आमच्या पाइपानेही गेले असतील. परत बोलवायचं तर सगळ्यांना बोलवा.” निरोप पोचायलाच तासाहून जास्त लागतो, उत्तराला तेवढंच. तोवर त्रिशलाने एक घाससुद्धा खाल्ला नाही.

उत्तर आलं: बोअर कायमचं बुजवा. माणसं तिथेच राहू द्या.

त्रिशला आजीच्या गळ्यातच पडली. मग दोघी खिडकीशी गेल्या. लांब, बर्फाच्या भेगांतून समुद्राच्या पाण्याचे उंच फवारे थेट अवकाशात उडत होते. ते तिथे आपोआपच उडतात, कुणाला भोक पाडावं लागत नाही.

“आजी, त्यात तेच जीव असतील. बाहेर पडले की गोठणारच ते. मग आपण बघायला थोडे झेलले तर चालेल? खाली काहीच सोडायचं नाही.”

आजींनी फवाऱ्यांकडे पाहिलं. हा प्रश्न आजवर त्यांच्या घराण्यात कुणाला पडलाच नव्हता.

“विचार करून सकाळी सांगते,” त्या म्हणाल्या. “पण भांडं उकळून तयार ठेव.”