ओला दोरा

दिवा राहू दे तसाच. जेवणं उरकलीत ना सगळ्यांची? मग ऐका, आणि पोटातलं पोटात ठेवा.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लेकीच्या घरचं आहे हे. ऐकीव नाही. तिनं माझ्यापुढे बसून सांगितलंय, तेही तोंडाला पदर लावून. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. संध्याकाळी ती दुकानातून सुती दोऱ्याची दोन रिळं घेऊन आली. सासऱ्याचं जाळं पुरं करायचं होतं.

गाव केव्हाच नायलॉनच्या तयार जाळ्यांवर गेलेलं. हातानं विणणारा हा एकटा म्हातारा उरलेला. तो त्याच्या महिनाभर आधी वारला आणि अर्धं जाळं खिळ्याला लटकत राहिलं. बुधवारी सकाळी संग्रहालयाचे साहेब ते बघायला येणार होते. जाळं पुरं असलं आणि विणणारी घरातच निघाली, तर पोरांना विणकाम शिकवायची कायमची नोकरी तिला. नवऱ्याची होडी फुटून वर्ष झालेलं, पदरी दोन मुली.

सासू म्हणाली, "मेलेल्याच्या हातचं जाळं पुढे विणू नये. तिथंच कापून मोकळं व्हायचं."

"मग साहेबांना अर्धवट जाळं देऊ, आई? सूनही अर्धवट आहे म्हणतील."

"म्हणू दे. खोटं थोडंच आहे ते!" सासू आत जाऊन झोपली.

रात्री सव्वाअकराला ही बसली. लाकडी सुईवर नवा दोरा भरला. हातानं विणणाऱ्यांना एक सवय असते. गाठ आवळण्याआधी दोरा ओठांत धरून ओला करायचा, म्हणजे गाठ सरकत नाही. म्हाताऱ्यानंच शिकवलेलं. तिनं कोरडा दोरा ओठांत धरला.

ओला होता.

पाण्यानं नाही रे. चिकट. कोमट. तारा सुटत होत्या. आणि वास... उन्हात चार दिवस पडलेल्या आतड्यांचा. ती थुंकली, पदरानं जीभ खरवडली. रीळच खराब निघालं म्हणत दुसरं घेतलं.

तेही ओलं. आता दोऱ्याला काहीतरी लागलेलं. चघळलेलं.

उठणार होती. पण सकाळ आठवली, मुली आठवल्या. तोंड न लावता विणायला घेतलं, तर गाठी सरकायला लागल्या. तिनं दोरा ताणला.

पलीकडून कुणीतरी तो चोखला.

कढत चहा ओढतात ना... तसा आवाज.

"आई?"

आतून सासूचं घोरणं.

मग एक गाठ. आपोआप. बुळबुळीत.

मग दुसरी...

ती मोरीत जाऊन ओकली. उजाडेपर्यंत तिथंच.

सकाळी जाळं पुरं झालेलं. साहेब खूश. "तुम्हीच विणलंत ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. तिनं जाळ्याकडे पाहिलं. अजून ओघळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला येत नाही."

गेली नोकरी. आता मासळी साफ करायच्या कारखान्यात उभी असते दिवसभर, नाक न बांधता. म्हणते, मावशी, हा वास बरा.

आणि हो, त्या सकाळी साहेब जाळं गुंडाळायला लागले, तर शेवटच्या गाठीत काहीतरी टोचलं. दात होता. मुळासकट, ताजा. घरातल्या सगळ्यांनी तोंडं चाचपली. प्रत्येकाचे जागच्या जागी.

म्हाताऱ्याचा म्हणाल, तर त्याचं दहा वर्षं नुसतं बोळकं होतं.