वखारीतला वजनकाटा

अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलात, अंगाची लाही होत असताना, लोकरीचा स्वेटर घालून धावत येणाऱ्या मुलाला वेडा म्हणावं की आजारी, हे कुंदाला ठरवता येईना. तो यावलच्या बाजूने आला, वखारीच्या दारात थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला. मग मान वर करून त्याने तिच्याकडे पाहिलं. भुवयांवरून घाम गळत होता, डोळे मात्र हसत होते. कुंदाने उगाचच ओढणी सारखी केली.

"वजन करून देता का?"

"देतो की. केळीचं."

"माझं करायचं होतं."

"इथे केळीचे घड चढतात काट्यावर. माणसं दवाखान्यात मोजतात."

"मग मला घड समजा."

"घड समजलं तर दांड्याची कटती वजनातून कापावी लागेल," कुंदा म्हणाली. "आणि डोक्यात काही नसेल तर त्याची वेगळी."

तो हसला. हसता हसता काट्याच्या फळीवर उभा राहिलासुद्धा. कुंदाने वजनं अडकवली, दांडी स्थिर व्हायची वाट पाहिली. तो श्वास रोखून उभा होता, जणू श्वासाचंही वजन भरणार होतं. अडुसष्ट.

"तीन किलो जास्त," तो पुटपुटला, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

त्याचं नाव अभिमन. पाच मैलांवरच्या गावातल्या सुकदेव पाटलांचा एकुलता एक. गावच्या क्रीडा मंडळात तो कबड्डी खेळायचा, आणि चढाईला गेला की चार-पाच जणांच्या हातून निसटून यायचा, असं लोक सांगत. मे महिन्याच्या अखेरीस जळगावला कुमार गटाची जिल्हा निवड होती. तिथून राज्याच्या संघात आणि तिथून रेल्वेत किंवा मुंबईच्या एखाद्या कंपनीच्या संघात, नोकरीसकट. खेळून पोट भरायचा तेवढा एकच रस्ता त्या मुलांना माहीत होता. पण कुमार गटात वजन पासष्ट किलोच्या आत लागतं. आणि वयाच्या हिशेबाने अभिमनचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी मोठ्या गटात, ऐंशी किलोच्या गड्यांसमोर, त्याला कोणी विचारलं नसतं.

"उद्या येऊ का?" त्याने जाताना विचारलं.

"काटा काय कुठे पळून जाणार आहे?" ती म्हणाली. तो वळणावर दिसेनासा झाला तरी ती रस्त्याकडेच बघत होती.

आता त्या काट्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. कुंदाच्या वडिलांकडे, मोतीलालशेठकडे, वजनांचे दोन संच होते. एक खरा, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला. वजनमापाचा साहेब तपासणीला आला की तो खाली यायचा, साहेब चहा पिऊन गेला की परत वर जायचा. दुसरा रोजचा. त्याच्या पोटात शिसं ओतलेलं होतं, त्यामुळे शंभर किलो केळी काट्यावर सत्त्याण्णवच भरायची. लहानपणी कुंदा ती वजनं वर-खाली करायला वडिलांना मदत करायची आणि तिला ती गंमत वाटायची. ती कसली गंमत, हे कळलं तेव्हा तिने एकदा वडिलांना विचारलं होतं. "सगळेच करतात," ते म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचू लागले. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे काट्याने अडुसष्ट दाखवले तेव्हा अभिमन सत्तरच्या घरात होता. हे कुंदाला त्याच क्षणी ठाऊक होतं. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्याही दिवशी आला. मग रोजच येऊ लागला. संध्याकाळी वखारीत गडीमाणसं नसत, मोतीलालशेठ मालाचा ट्रक घेऊन स्टेशनवर गेलेले असत. कुंदा मातीच्या माठातलं पाणी घेऊन लिंबाचं सरबत करून ठेवायची. पण त्याला तर घोटभरही चालत नव्हतं. तो नुसता गार पेला हातात घ्यायचा, गालाला लावायचा, डोळे मिटायचा आणि तसाच परत द्यायचा.

"नुसतं लावून काय होतं?" ती विचारायची.

"बरं वाटतं. केलेलं वाया जात नाही."

"जेवतोस की नाही?"

"अर्धी भाकरी. आई रडते. तू पण रडणार आहेस का?"

"मी कशाला रडू? मी कोण तुझी?"

तो स्वेटरच्या बाहीने तोंड पुसत तिच्याकडे बघत राहायचा... आणि मग तीच नजर खाली घ्यायची. त्याची गालफडं बसत चालली होती. मनगटाच्या शिरा दिसू लागल्या होत्या. रोज रात्री कुंदा ठरवायची की उद्या सांगायचं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझा बाप चोर आहे? एवढं ऐकल्यावर तो पुन्हा या दारात पाय ठेवेल?

एक दिवस तो सकाळी आला, बैलगाडीवर, वडिलांसोबत. केळी होती. अभिमन घड उतरवत होता, आणि सुकदेव आबा काट्याशी उभे राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दांडीवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते.

"तू मोतीलालशेठनी पोर ना?" ते म्हणाले. "काटा देखीसनी सांग माय. तू सांगशी ते बरोबर."

कुंदाने आकडा वाचला. आबांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यामागून अभिमन तिच्याकडे बघून हसला, जरा ऐटीत, आपल्या माणसाने आपल्या बापाचं काम केलं म्हणून. 

रविवारी निवड होती. शुक्रवारी संध्याकाळी तो काट्यावर चढला आणि दांडी पासष्टच्या अलीकडे स्थिर झाली. अभिमनने वाकून पुन्हा पाहिलं. मग तो फळीवरून उतरला, आणि पहिल्यांदाच तिचा हात धरला.

"झालं कुंदा. झालं... आता दे तुझं सरबत. आज पितो."

पेला ओठांपर्यंत गेला होता. कुंदाने त्याचं मनगट पकडलं, सरबत दोघांच्या हातांवर सांडलं.

"पिऊ नको."

"का?"

"तू पासष्टच्या आत नाहीस."

"आत्ता तू पाहिलंस की..."

"काटा खोटा आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. ती थट्टा करते आहे असं आधी त्याला वाटलं असावं, कारण तो हसायच्या बेतात होता. मग त्याच्या तोंडून एकदम घरची बोली निघाली.

"काय बोली राहिनी तू?"

कुंदा माळ्यावर चढली. पोतं खाली आणलं, खरी वजनं अडकवली आणि त्याला पुन्हा उभं राहायला सांगितलं. तो यंत्रासारखा चढला. सहासष्ट आणि वर अर्ध्याच्याही पुढे.

"शंभराला तीन," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

पण अभिमन दांडीकडे बघतच नव्हता. ज्या जागी त्याने परवा घड उतरवले होते, तिथे तो बघत होता.

"आबांचा माल कधीपासून येतो इथे?"

"मी परकर नेसायचे तेव्हापासून."

"आणि आकडे तू वाचतेस."

 त्याने पेला स्टुलावर ठेवला, नीट, मधोमध, आणि रस्त्याला लागला. त्या दिवशी तो धावत गेला नाही.

शनिवारी भर उन्हात लोकांनी त्याला अंगावर घोंगडी लपेटून रस्त्याने धावताना पाहिलं. पाणी नाही, अन्न नाही. कुंदाने वखारीच्या खिडकीतून त्याला एकदा जाताना आणि एकदा येताना पाहिलं. येताना तो धावत नव्हता, पाय ओढत होता. वखारीकडे त्याने पाहिलं नाही.

रविवारी ब्लाउजपिसं आणायचं निमित्त काढून कुंदा पहाटेच्या एसटीने जळगावला गेली. मैदानाच्या कडेला, बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. वजन देऊन अभिमन बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. वजनात बसला होता तो, आणि संघाचे तोताराम सर त्याची पाठ थोपटत होते. सर वरणगावच्या आयुध कारखान्यात कामाला होते आणि एके काळी कारखान्याच्या संघातून खेळलेले. तेवढ्यात अभिमनची नजर कुंदावर पडली. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसती मान हलवली, आलीस होय, अशी.

पहिल्या चढाईत त्याने एक गडी मारला. दुसरीत दोन. लोक उभे राहिले. निवड करणारे साहेब आपसांत काही बोलले, त्यातल्या एकाने त्याच्याकडे बोट दाखवलं. कुंदाने दोन्ही हात गच्च धरले होते. बघ, होतंय, होतंय ते... तिने मनात म्हटलं.

तिसऱ्या चढाईत तो कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, आणि त्याच्या पोटरीत पेटका आला. पाण्यावाचून वाळलेलं शरीर, दुसरं काय होणार? पाय जागच्या जागी ताठला. तेवढ्यात साखळी करून उभे असलेले तिघे त्याच्यावर आले. त्यांचा दोष नव्हता, पकड करणं त्यांचं कामच होतं. पाय खाली रुतलेला, वरून तिघांचा भार, आणि गुडघा उलट्या बाजूला गेला. तो आवाज मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू आला. अभिमन ओरडला नाही. तोंडात माती धरून पडून राहिला.

गुडघ्याच्या आतलं सगळं तुटलं होतं. पाय जोडता येईल, डॉक्टर म्हणाले, चालेलही. खेळायचं मात्र विसरायचं.

कुंदाने पंधरवडा कसाबसा काढला. मग एका दुपारी तिने वडिलांना सांगितलं की ती सुकदेव आबांकडे जाते आहे, वजनांचं सांगायला. मोतीलालशेठनी हातातला पेपर खाली ठेवला.

"उद्यापासून या दारात एक गाडी थांबायची नाही," ते शेवटी म्हणाले. "तुला कोण घरात घेईल, त्याचाही विचार कर."

"केला," ती म्हणाली.

सुकदेव आबा अंगणात दोर वळत बसले होते. कुंदाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काटा, शिसं, इतक्या वर्षांचा माल, अभिमनचं वजन. काहीही लपवलं नाही. आबांचे हात थांबले. ते केळीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

"मी त्याले इतला दिन शिव्या दिध्यात," ते म्हणाले. "इचारं, आयत्या टायमाले वजन कसं काय वाढनं? म्हने, लगीनमा जेवनू मी. मी म्हनं, जिभना पायी तू जल्मनं वाटोळं करं. तरी काटाबद्दल त्यानी तोंड उघाडं नही."

 कुंदाने घराच्या दाराकडे पाहिलं.

"घरमा शे तो," आबा म्हणाले. "जाय."

अभिमन खाटेवर पडला होता. प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवलेला. त्याने सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. ती खाटेशेजारी जमिनीवर बसली. 

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "महिना होता हातात. दोन-अडीच किलो काय... सावकाश उतरवले असते."

"सांगितलं असतं तर तू यायचा बंद झाला असतास."

हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बापाची अब्रू, घराचं नाव, सगळं खरं होतं. पण त्याच्याही आधी हे खरं होतं. तिने मान खाली घातली. तो आता हाकलून देईल, आणि ते बरोबरच होईल, असं तिला वाटलं.

अभिमन हसला. कोरडंच, पण हसला.

"कारखान्याच्या दवाखान्यात चांगला काटा आहे," तो म्हणाला. "तोताराम सर दर रविवारी बोलवायचे, वरणगावला ये, वजन बघू. मी एकदाही गेलो नाही. सांगायचो, रोज मोजतो सर, पक्क्या काट्यावर मोजतो." तो थांबला. "मला काय वजन करायला यायचं होतं का, कुंदा?"

तिने त्याच्या खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. त्याने तिच्या केसांवर हात ठेवला. बाहेर आबा दोर वळत होते, त्यांना सगळं ऐकू येत असणार.

"आता येऊ नकोस," तो म्हणाला.

"रागावलास?"

"नाही. आली नाहीस तरी रोज संध्याकाळी वाट बघेन मी. आलीस तर... आबांच्या डोळ्यांदेखत तुला बघून आनंद होईल मला. आणि तो व्हायला नको. इतकी वर्षं त्यांनी घड वाहिलेत त्या काट्यावर."

 कुंदा उठली, ओढणीने तोंड पुसलं, आणि उन्हं उतरायच्या आत वखारीच्या रस्त्याला लागली.