कडीखालचा रंग

टिण्ण.

स्क्रू फरशीवर पडला आणि घरंगळत आत्याच्या पायापाशी थांबला. सकाळपासून खोलीत झालेला तेवढाच आवाज.

बागेकडच्या या जुन्या खोलीचं मूळ रूप स्वतःच्या हातांनी परत आणायचं, असं भाचीने ठरवलं होतं. नक्षीचं छत झालं, खिडक्या झाल्या. दार उरलं होतं. सुतार म्हणाला होता, अस्सल सागवान आहे, घासून काढा. आत्याचा मात्र आठवडाभर एकच धोशा, "फेकून दे ते दार."

तीस वर्षांपूर्वी भाचीचा दोन वर्षांचा भाऊ याच दारातून बागेत गेला आणि हौदात बुडाला. कडी तिने काढली, असं सगळे म्हणत. ती तेव्हा पाच वर्षांची. कडी काढल्याचं तिला काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, संध्याकाळी बाबांनी तिचा हात धरून कडीला लावून पाहिला होता, आणि दारावर मांजराचं कॅलेंडर होतं. आईने मात्र त्यानंतर तिला कधी जवळ घेतलं नाही. अगदी मरेपर्यंत.

कमरेच्या उंचीवरची कडी सुटली. तिच्याखाली कोरं लाकूड असेल असं वाटलं होतं. पण खाली पिस्ता रंग होता. गुळगुळीत, सलग.

तिने वरचा पांढरा रंग खरवडायला घेतला. तिच्या कपाळाच्या उंचीवर लांबीच्या लगद्याने बुजवलेली चार भोकं निघाली. भोवती कडीच्या आकाराचं तपकिरी लाकूड, आणि पिस्ता रंग त्याला वळसा घालून गेलेला. जरा वर खिळ्याचं एक भोक.

"आत्या, पिस्ता रंग कोणी दिला होता?"

"मीच. तुझी आई दवाखान्यात होती, दादा तिच्यापाशी, घर नवीन घेतलेलं. माझ्यासारखीच तूही सुताराला लाजवशील हं." आत्या कोपऱ्यात खेळणाऱ्या नातीच्या फ्रॉकची घडी घालत होती.

"आई-बाबा इथे राहायला कधी आले?"

"तुझा भाऊ गेला त्याच संध्याकाळी, दवाखान्यातून. माहीत असून कशाला विचारतेस?"

"या दारावर कॅलेंडर होतं. मांजराचं. ते कोणी लावलं?"

"असेल मीच."

"चार भिंती सोडून दारावर?"

घडी अर्धीच राहिली.

भाची वळली नाही. दाराशीच बोलल्यासारखी बोलली.

"रंग दिलास तेव्हा कडी वर होती, म्हणून रंग तिला वळसा घालून गेला. खालची कडी रंगावर बसलीय, म्हणजे ती नंतरची. पण बाबांनी संध्याकाळी माझा हात धरून त्याच खालच्या कडीला लावून पाहिला होता. मधल्या वेळात घरात मोठं माणूस एकच होतं. कडी तूच खाली आणलीस, वरची भोकं कॅलेंडरमागे गेली. वरची कडी माझ्या हाताला आलीच नसती, आत्या. दार उघडं तुझ्याकडून राहिलं."

आत्याने फ्रॉक मांडीवर ठेवला.

"कपडे वाळत घातले नि कडी लावायची राहिली," ती म्हणाली. "शेजारीपाजारी सगळे हौदापाशी होते. मी एकटीच इथे. दादाने मला जिवंत सोडलं नसतं गं. वाटलं, एवढ्याशा पोरीला कोण काय बोलणार? विसरतील."

"आई नाही विसरली."

रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. तिने फरशीवरचे रंगाचे पापुद्रे गोळा करायला घेतले.

कोपऱ्यात बाहुली मांडून बसलेली तिची लेक उठली. तीही पाचच वर्षांची. दाराला चिकटून, टाचा उंचावून तिने हात ताणला. भोकं कितीतरी वर राहिली.

"आई, माझा हात नाही पोचत. मग कडी काढणारी तू नव्हतीस ना?"

"नव्हते."

लेकीने थोडा विचार केला.

"मग हे तुझ्या आईला कोण सांगणार?"