तीन पुकारे आणि एक हाक

येवल्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर जागा होती, आणि तिथे तो आधीच ऐसपैस बसलेला. चारूने विचारलं, सरकता का जरा? तो सरकला. वर भाजक्या शेंगांची पुडीही पुढे केली. कोर्टात आपली पहिलीच वेळ, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं… आणि तेवढ्यात शिपायाने दारातून पुकारा केला, "फिर्यादी रुषीकेस धोंगडे! आरोपी चारुशीला भांडगे!"

दोघंही एकदम उभे राहिले. शेंगदाणा चारूच्या घशातच अडकला.

म्हणजे हाच तो मेला! याच्या मावशीने रफूला टाकलेली पैठणी चारूच्या दुकानातून कुणी भलत्यानेच नेली. साडी होती याच्या गेलेल्या आईची, म्हणून यानं न बघता न विचारता चारूवरच विश्वासघाताची फिर्याद ठोकली.

तारखांवर तारखा पडत गेल्या. बाक तोच, शेंगा त्याच. नावातच केस आहे तुमच्या, दुसरं काय करणार, असा टोमणा ती मारायची आणि हा बावळट खुशाल हसायचा. एकदा बसल्याबसल्या तिने त्याची फाटलेली बाही रफू करून दिली. टाका शोधूनही सापडेना. तो कितीतरी वेळ त्या बाहीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, चुकलोच मी… तडजोडीचा अर्ज देऊ?

"साडी घेतलीच नाही, तर तडजोड कसली?" चारू भडकली. "लोक म्हणतील, नेली होती म्हणूनच मिटवलं."

भडकेल नाहीतर काय! विणकाम शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती, पण अंगावरची केस सुटल्याशिवाय नेमणूक मिळणार नव्हती.

पुढच्या तारखेला तो आलाच नाही. न्यायाधीशांनी फिर्यादीला महिन्याची शेवटची मुदत दिली. खरं तर चारूला हायसं वाटायला हवं होतं… पण महिनाभर तिचं कशात म्हणून लक्ष लागलं नाही.

आज पुन्हा पुकारा झाला. एकदा… दोनदा… तिसऱ्यांदा शिपायाने घसा ताणला, तेव्हा तिला खिडकीतून तो दिसला. कडुलिंबाखाली उभा, हातात पुडी, ओठ घट्ट मिटलेले.

फिर्यादी गैरहजर, सबब आरोपीला सोडून देण्यात येत आहे, असा हुकूम झाला.

ती तडक लिंबाखाली गेली. "कानात बोळे होते का? तीनदा पुकारलं तुम्हाला."

"रुषीकेसला पुकारलं. मी हृषीकेश." मग त्याचा आवाज उतरला. "तडजोड तुला नको होती… गप्प राहणं तेवढं माझ्या हातात होतं. आता तारीखही नाही आणि बाकही नाही. तू एकदा नावाने हाक मार… लगेच हजर होतो."

चारूचे गाल तापले.

"नाव नाही घेणार मी."

त्याचा चेहरा पडला.

"आमच्यात बायका घेत नाहीत," पुडीतली शेंग फोडत ती म्हणाली. "…अहो, चला ना. सुटले म्हणून आईला सांगायचंय."

"हजर," तो म्हणाला.