पायठसा

फोन लहान होत जातील असं एके काळी सगळ्यांना वाटायचं. झालं उलटंच. प्रणिता काळमेघ शाळेतून निवृत्त झाली तोपर्यंत फोन शाळेच्या पाटीएवढे झाले होते, आणि लोक त्यांना पाटीच म्हणू लागले होते. पाटी दिवसभर आभाळातल्या उपग्रहांशी आणि रस्त्याकडेच्या मनोऱ्यांशी बोलत राहायची. त्याला मोठी बॅटरी लागायची, आणि बॅटरी मोठी म्हणून पाटीही मोठी. घरात टेबलावर टेकवून ठेवायला ती उत्तम होती. सायकलवर न्यायला अगदी निरुपयोगी.

प्रणिताने सगळे प्रकार करून पाहिले होते. हँडलला लावली तर खड्ड्यात पट्टा तुटायचा. पिशवीत ठेवली तर तिचा आवाज ऐकू यायचा नाही. शेवटी तिने ती सायकलच्या बनियनला पाठीमागे असतो त्या खिशात कोंबली, आणि धामणगाव गढीच्या पुढे एका वळणावर घसरून पडली. गुडघा खरचटला त्याचं काही नाही, पण पाटीची कड मणक्यावर अशी रुतली की तीन आठवडे तिला नीट वाकता येईना.

प्रणिता परतवाड्याच्या शाळेत तीस वर्षं व्यायामशिक्षिका होती. दर रविवारी ती सायकलने चिखलदऱ्याचा घाट चढायची. तिचा नवरा नंदकिशोर एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि डिझेलच्या शेवटच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. तो सायकल चालवायचा नाही. तो घरी बसून काळजी करायचा.

"फोन नेल्याशिवाय घाटात जायचं नाही," तो म्हणाला.

"मग मला तळहातात मावेल असा आणून द्या," प्रणिता म्हणाली. "नाहीतर मी तशीच जाईन."

असा फोन बनवणारी एक लहानशी कंपनी अमरावतीत होती. विक्रीला वेगळा माणूस नव्हता. ज्यांनी फोन बनवला त्या डॉ. शर्वरी हरणेच टेबलामागे बसल्या होत्या. त्या पस्तिशीच्या होत्या आणि भौतिकशास्त्रातल्या डॉक्टर होत्या. त्यांनी प्रणिताच्या हातावर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, कडा गोल केलेला फोन ठेवला. त्याचं नाव होतं वामन.

प्रणिताने तो पाठीमागच्या खिशात टाकला, वाकून पाहिलं, दोन उड्या मारल्या. "आहे की नाही तेच कळत नाही," ती खूश होऊन म्हणाली.

"पण बॅटरी केवढी असेल याच्यात?" नंदकिशोरने विचारलं. "घाटात तर पाटीलाही रेंज राहत नाही. हा काय सांगणार मले, बायको कुठं आहे ते?"

"काका, घरातली लाइट गेली तर तुम्ही अंधारात मेणबत्तीपर्यंत कसे जाता?" डॉ. हरणेंनी विचारलं.

"जातो सवयीनं. पलंगापासून सहा पावलं, मग उजवीकडे वळायचं."

"म्हणजे तुम्हाला घर दिसत नाही, पण तुमचं पाऊल किती लांब पडतं ते माहीत असतं. वामन तेच करतो. तो आभाळाकडे फारसं बघत नाही, मॅडमच्या शरीराकडे लक्ष देतो. पायडल कितव्यांदा फिरलं, डाव्या पायाचा जोर किती, उजव्याचा किती, श्वास कसा चालला आहे, हृदयाचे ठोके किती वेगाने पडताहेत. एवढा दम लागला म्हणजे एवढं अंतर कापलं, असा तो हिशेब करतो. दर पाच किलोमीटरला एकदा उपग्रहाला विचारतो, बरोबर आहे ना? चुकलं असेल तर आपला अंदाज सुधारतो. असं करत करत त्याच्याकडे एकेका माणसाचं चित्र तयार होतं. आम्ही त्याला पायठसा म्हणतो. अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कुणाचा नसतो, तसाच हा."

मग त्या म्हणाल्या, "हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. फोन मोठा असला तर तो आभाळाला ओळखतो. लहान असला तर त्याला तुम्हालाच ओळखावं लागतं. फार जवळून ओळखावं लागतं."

"ओळखू दे ना बेटा," प्रणिता हसली. "माझ्यात लपवण्यासारखं काय आहे?"

पुढचे आठ महिने फार सुखाचे गेले. नंदकिशोर घरी पाटी उघडून बसायचा आणि नकाशावरचा ठिपका घाट चढताना बघायचा. अवघड चढावर तो हळू व्हायचा, सपाटीला पळायचा. नंदकिशोरला त्या ठिपक्यावरून बायकोचा मूड कळू लागला. "आज सलोना गावाच्या अलीकडे कुणाशी बोलत उभी होतीस?" असं तो विचारायचा, आणि ती सीताफळं विकणाऱ्या बाईचं नाव सांगायची. काळजी करण्यात त्याचे रविवार जायचे, ते आता तिच्यासोबत जाऊ लागले.

नवव्या महिन्यात वामनच्या पडद्यावर एक ओळ आली. "माझा अंदाज वारंवार चुकतो आहे. मला तपासून घ्या."

"नवीन आहे तोवर बिघडला," नंदकिशोर म्हणाला, आणि दोघं अमरावतीला गेले.

डॉ. हरणेंनी वामन आपल्या यंत्राला जोडला. बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या. आधी त्यांनी फोनमधले मोजणारे भाग तपासले, मग दुसऱ्या फोनशी ताडून पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं. प्रणिता समोर खुर्चीत बसून होती. तिचा डावा हात मांडीवर होता.

"फोनमध्ये बिघाड नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग चुकतो कायले?" नंदकिशोरने विचारलं.

डॉ. हरणे उत्तर द्यायला कचरल्या. कंपनी सुरू करताना त्यांनी स्वतःच एक नियम लिहिला होता, फोनने कुणालाही आजाराचं नाव सांगायचं नाही. फोन डॉक्टर नाही, आणि त्याही त्या अर्थाने डॉक्टर नव्हत्या. पण नियम लिहिताना समोर खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं.

"त्याला वाटतं मॅडम पुढे पोहोचल्या असतील," त्या म्हणाल्या. "प्रत्यक्षात त्या मागे असतात. गेले पाच महिने तो स्वतःचा अंदाज थोडा थोडा बदलतो आहे. अकरा वेळा बदलला. ठरावीक मर्यादेपलीकडे बदलावं लागलं की त्याने चूक स्वतःची मानायची, असं आम्ही त्याला शिकवलं आहे. म्हणून त्याने तो निरोप दिला."

"समजलं नाही," प्रणिता म्हणाली.

नंदकिशोरला मात्र समजलं होतं. उभं आयुष्य त्याने गाड्यांचं दुखणं ओळखण्यात काढलं होतं.

"म्हणजे तेल तेवढंच लागते," तो हळू आवाजात म्हणाला, "पण ॲव्हरेज पडलं."

मग प्रणितानेच विचारलं, "काय दिसतं आहे तुला? सरळ सांग. मी मुलांना सरळच सांगत आले, तू जिंकणार नाहीस, तुझा पाय आत वळतो म्हणून."

डॉ. हरणेंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुमचा डावा पाय पायडलवर किंचित उशिरा येतो. डोळ्याला दिसणार नाही इतका. आणि तुम्ही थांबता, फोन डाव्या हातात नुसता धरता, तेव्हा त्याला एक बारीक थरथर कळते. सेकंदाला साधारण पाच वेळा. मला त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार नाही, मॅडम. पण तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. या आठवड्यातच दाखवा."

प्रणिताने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो अगदी स्थिर दिसत होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. पार्किन्सन. अगदी सुरुवात आहे, एरवी कळायला आणखी दोन-तीन वर्षं लागली असती, असं ते म्हणाले. गोळ्या सुरू केल्या. सायकल सोडू नका, या आजारात सायकल चांगलीच, असंही सांगितलं. परत येताना गाडीत नंदकिशोरने तिचा डावा हात धरला होता. तो धीर द्यायला धरला की थरथर लागते का ते बघायला, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तिला ते कळलं. तिने हात सोडवून घेतला नाही.

"दोन-तीन वर्षं मला माहीतच नसतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी नुसती म्हातारी होते आहे असं वाटलं असतं."

"मी तो फोन घ्यायला लावला," तो म्हणाला.

"छोटा मी मागितला होता."

वामन परत आणायला ती एकटीच गेली. डॉ. हरणेंनी तो तिच्यापुढे ठेवला, पण लगेच हातात दिला नाही.

"एक ठरवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी त्याची मर्यादा काढून टाकली तर तो दर आठवड्याला तुम्हाला नव्याने ओळखेल. तुम्ही जशा असाल तसा त्याचा अंदाज. मग तो कधी चुकणार नाही आणि कधी काही बोलणारही नाही. बहुतेक लोक हेच घेतील."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे पहिल्या महिन्यातला तुमचा पायठसा तसाच जपून ठेवायचा. मग नकाशावर दोन ठिपके दिसतील. एक खरा. दुसरा, आजार झाला नसता तर तेवढ्याच दमात तुम्ही कुठे असता, त्याचा. पण मॅडम, त्या दोघांतलं अंतर वाढत जाईल. मी तुमच्या जागी असते तर..."

प्रणिताने फोन उचलला. तिला आपल्या शाळेतल्या मुली आठवल्या. धावल्यावर वेळ सांगू नका बाई, असं म्हणणाऱ्या मुलींना ती आवर्जून वेळ सांगायची.

"नव्याने ओळखत गेला," ती म्हणाली, "तर मी कशी होते ते कुणाकडेच राहणार नाही. मी विसरेन. आमचे हे तर माझ्यासाठी मुद्दाम विसरतील. ठेव तो पहिला."

त्यानंतर नंदकिशोरने घरी बसणं सोडलं. रविवारी तो सकाळच्या बसने चिखलदऱ्याला जायचा आणि गावात शिरणाऱ्या रस्त्यावर एका दगडी कठड्यावर बसून राहायचा. पाटी मांडीवर असायची. पहिल्या वर्षी दोन ठिपक्यांत सहा मिनिटांचं अंतर होतं. दोन्ही एकमेकांना चिकटून चालल्यासारखे दिसायचे. गोळ्या लागू पडल्या त्या महिन्यांत ते चारवर आलं आणि दोघांनी ते साजरंही केलं. मग सात. मग बारा. एका हिवाळ्यात ती पडली आणि दीड महिना घाट बंद होता. पुन्हा निघाली तेव्हा अंतर एकोणीस मिनिटांचं झालं होतं.

चौथ्या वर्षीच्या एका रविवारी तो असाच बसला होता. कॉफीच्या मळ्यात माणसं फळं तोडत होती. पाटी वाजली. "प्रणिता पोहोचली." हा पुढच्या ठिपक्याचा निरोप. नंदकिशोर उठून उभा राहिला. रस्ता रिकामा आहे हे त्याला माहीत होतं, तरी तो दर वेळी उभा राहायचा. बसून राहणं त्याला बरं वाटत नसे.

रस्त्यावर कुणी नव्हतं. खरा ठिपका खाली घाटातच होता आणि इतका हळू सरकत होता की तो बंद पडला आहे असं वाटावं. पुढचा ठिपका मात्र थांबला नाही. तो कठड्यापाशी आला, नंदकिशोर उभा होता तिथून पुढे गेला, गावातून बाहेर पडला. इतकी वर्षं अंतर थोडं असायचं म्हणून हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. खाली प्रणिता जिवाच्या आकांताने पायडल मारत होती, आणि ती मारत होती तोवर वरची प्रणिता पुढे पुढे जाणार होती.

एक्केचाळीस मिनिटांनी ती वळणावर दिसली. अंग डावीकडे कललेलं, तोंड उघडं, नजर फक्त पुढच्या चार हात रस्त्यावर. तो पळत गेला. सायकल धरून त्याने तिला उतरवलं, कठड्यापर्यंत नेलं, पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावली. तिचा हात आता उघड थरथरत होता, म्हणून बाटली त्यानेच धरून ठेवली.

धाप ओसरल्यावर तिने नेहमीचं विचारलं, "ती कधी आली?"

"झाली चाळीस-एक मिनिटं."

"दमली होती?"

"ती कायची दमते."

प्रणिता हसली. मग म्हणाली, "दाखवा."

तो पाटी तिच्यापासून बाजूला धरत होता. तिने हात पुढे केला तेव्हा त्याला द्यावीच लागली. तिने नकाशा पाहिला. एक ठिपका कठड्यापाशी होता. दुसरा गावाच्या पलीकडे, सेमाडोहच्या रस्त्यावर, जंगलात बराच आत गेलेला होता.

"ही इथं थांबली नाही?"

"नाही. तू जेवढा जोर लावतेस ना, तेवढी ती लांब जाते."

प्रणिता त्या ठिपक्याकडे बघत राहिली. तो आता हलत नव्हता. ती सायकलवरून उतरली त्याच क्षणी तोही जंगलातल्या रस्त्यावर थांबला होता. नंदकिशोरने पाटी बंद करायला हात पुढे केला. तिने तो हात धरून ठेवला.

"परतीची बस किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"आहे अजून तास-दीड तास. तुला घाई आहे का?"

"नाही. बसू इथंच," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला टेकली. "मी बसले की ती पण बसते."