दिवा लागल्यावर विरजण

चैत्रातली संध्याकाळ. सडा टाकलेल्या अंगणातून अजून ऊन ऊन वाफ येत होती. अनसूयेनं तुळशीपाशी दिवा लावला, डोळे मिटून हात जोडले... आणि डोळे उघडते तो काय, फाटकात एक उंच तरुण रिकामी वाटी दोन्ही हातांत धरून उभा!

"विरजण भेटन का जराकसं?"

"दिवा लागला," हसू दाबत ती म्हणाली. "आता नाई भेटत."

"काहून?"

"दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नसते. घरच्या माणसाले चालते, बाहेरच्याले नाई."

"आन् मी बाहेरचा..."

"हाव. पक्के बाहेरचे."

तोही हसला. "सकाळी येतो मंग," म्हणून गेला. तो गेल्यावर ओसरीवर वाती वळत बसलेल्या गोदाआत्यानं सगळी माहिती पुरवली. समोर दवाखाना उघडलेला नवा डॉक्टर, सहदेव. मूळचा पातूरचा, नागपूरला शिकून अकोल्यात आलेला, एकटा जीव. "खानावळीचं तिखट खाऊन डाक्तरचंच पोट बिघडलं, बाई!"

सकाळी तो खरंच आला. अनसूयेनं चमचाभर विरजण त्याच्या वाटीत घातलं, पण हात जरा आखडताच. कारण ते विरजण साधं नव्हतं. तिची आई कौशल्या लग्न होऊन हिवरखेडला आली ती माहेरचं हे विरजण घेऊन, आणि एक दिवस तिनं ते मोडू दिलं नाही. आई गेली, अनसूया अकोल्याला आत्याकडे राहायला आली, तेव्हा गाडीत तिच्या मांडीवर दह्याचं गाडगं होतं. आईच्या हातचं म्हणावं असं जगात तेवढंच उरलं होतं.

मग काय, रोज कुंपणापाशी दह्याची बातमी. आज पातळ झालं. आज आंबट ढाण झालं.

"दूध तापवता येते का तुमाले?" ती विचारी.

"माणसं बरे करता येतेत," तो मान खाली घालून म्हणे. "दुधाचं शिकून राहिलो."

पण पोट मात्र सुधारलं. अशक्त रोग्यांना औषधासोबत तो ताकही सांगू लागला. एका दुपारी त्यानं आत्याला आणि अनसूयेला दवाखान्यात बोलावलं, सूक्ष्मदर्शकाखाली दह्याचा थेंब ठेवला.

"पाहा. ह्या मण्यांच्या माळा... आन् ह्या बारक्या काड्या."

"अव माय! जित्या हायेत?" आत्यानं विचारलं.

"जित्या. जंतू म्हटलं का लोक भेतेत. पन हे आपल्या बाजूचे. दुधातली साखर खाऊन दूध आंबट करतेत, त्या आंबटात वंगाळ जंतूचं फावत नाई. आपल्या आतड्यातबी असेच सोबती राह्यतेत. खाल्लेलं पचाले त्यायचा हात लागते."

"मंग ताक पेलं का सारेच रोग पळाले?" अनसूयेनं खोडी काढली.

"नाई वो. असं जो सांगन त्याच्यावर भरोसा नका ठेवू."

ज्याला येतं ते सांगावं आणि येत नाही तेही सांगावं, असा माणूस अनसूयेनं पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगायचं तर ती तिथंच हरली.

"हे... माह्या मायचे?" काचेवरचा डोळा न हलवता तिनं विचारलं.

"तिच्याच गाडग्यातले. एकापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे. तिनं राखले म्हणून आज हायेत."

अनसूयेला काचेतलं दिसेनासं झालं. सहदेवानं ते पाहिलं. उगाचच सूक्ष्मदर्शकाचा आरसा फिरवून उजेड नीट करत बसला. निघताना एवढंच म्हणाला, "कढत दुधात नका टाकू कदी. मरतेत."

आणि झालं नेमकं तेच! पाहुणे येऊन दही संपलेलं, तळाशी चमचाभर उरलेलं. दूध चुलीवरून उतरवते तोच बाहेर ओळखीची सायकलची घंटा वाजली. अनसूयेनं खिडकीतून पाहिलं, त्यानंही वर पाहिलं... आणि नजर तिकडेच ठेवून तिनं तो चमचा वाफाळत्या दुधात ढवळला.

सकाळी गाडग्यात नासकं पाणी.

"शेजारून आणू," आत्या समजावत होती. "विरजणाले काय तोटा?"

"ते विरजण असन, आत्या. माय नसन."

समोर जाऊन मागायला तोंड कुठलं? बजावलं होतं त्यानं. आणि ज्याला धड दूध तापवता येत नाही, त्यानं ते कशाला राखलं असेल! ती दिवसभर कुंपणाकडे फिरकली नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला, डोळे पुसले... फाटकात सहदेव. हातात छोटं गाडगं.

"आत्यानं सकाळीच सांगतलं," तो म्हणाला. "तेच विरजण हाय. पोट बरं झालं तरी रोज लावत होतो."

"काहून?"

"तुमच्या मायचं म्हटल्यावर... मोडू कसं देऊ?"

तिचे हात आपोआप पुढे झाले, आणि दिव्यापाशी थबकले.

"सकाळी कळलं, मंग आता काहून आले? दिवा लागला, डाक्तर. बाहेरच्यानं द्याचं नसते."

"ठाऊक हाय." त्यानं गाडगं जरा पुढं केलं. "दिवसभर गाडगं घेऊन बसलो होतो... दिवा लागाची वाट पाहून राहिलो होतो."

अनसूयेला कळायला क्षणभर लागला. मग कानापर्यंत लाली चढली. तिनं पदर सावरला, दोन पावलं पुढे आली आणि गाडग्यावर — त्याच्या बोटांवरही — दोन्ही हात ठेवले.

"आणा," ती हळूच म्हणाली. "घरच्या माणसाले चालते."

ओसरीवरून गोदाआत्याचा आवाज आला, "अनसूये, दूध कोमट झालं का पाह्य! आन् आज खिडकीत नको पाहू... पाहाचं ते इथंच उभं हाय!"